एका नगापासून हजार नगांपर्यंत

नव्या वस्तूचा पहिला चालता नमुना तयार होईपर्यंत जो पैसा लागतो, तो पुढे लागणाऱ्या पैशाचा लहानसा हिस्सा असतो. नमुना एवढेच सिद्ध करतो, की वस्तू बनू शकते. ती हजार वेळा सारखी बनते का, परवडेल त्या किमतीत बनते का, कायद्याच्या कसोट्यांना उतरते का, दुकानदाराला ठेवावीशी वाटते का आणि ग्राहकाच्या घरात दोन वर्षे टिकते का, या प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात. ती मिळवण्याचा खर्च शोधकाच्या पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा नसतो, कारण तोवर हे प्रश्न त्याला कोणी विचारलेलेच नसतात. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. हातात धरायच्या वस्तूच्या प्रत्येक नगाला कच्चा माल, मजुरी, जागा आणि वाहतूक लागते, आणि राहून गेलेली चूक हजार घरांत जाऊन दुरुस्त करावी लागते.

नमुना बनवण्याची साधनेच वेगळी असतात. थ्रीडी प्रिंटर थरावर थर चढवून जवळजवळ कोणताही आकार काढतो. लेथवर किंवा सीएनसी यंत्रावर एकच भाग हवा तितका वेळ देऊन घडवता येतो. मोटर, बॅटरी, स्विच बाजारातून किरकोळ भावाने आणून बसवता येतात. कारखान्यात यातले काहीच तसे चालत नाही. प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटायचा, तर त्याच्या उभ्या भिंतींना थोडा उतार हवा आणि जाडी सगळीकडे शक्य तितकी सारखी हवी. आत वळलेली खाच असेल, तर साच्यात बाजूने सरकणारा वेगळा तुकडा घालावा लागतो आणि साचा तेवढा महाग होतो. प्रिंटरवर सहज निघालेला डौलदार आकार साच्यातून निघतच नाही, असे वारंवार घडते. मग सगळी ड्रॉइंग नव्याने करावी लागतात, आणि ते काम उत्पादनाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचे असते. त्याचे मानधन हा पहिला न धरलेला खर्च. भोसरीत किंवा वसईत आयुष्य साचे करण्यात गेलेला माणूस ड्रॉइंग पाहून काही मिनिटांत सांगतो, की ही आतली बरगडी एवढी जाड ठेवली तर बाहेरच्या बाजूला खळगा पडेल. हे बोलणे आधी झाले तर काही लाख वाचतात. पण कल्पना चोरीला जाईल या भीतीने शोधक त्याच्याकडे सर्वांत शेवटी जातो.

साचा हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. इंजेक्शन मोल्डिंगचा साचा म्हणजे पोलादाच्या दोन भागांची जोडी. एकात वस्तूचा बाहेरचा आकार, दुसऱ्यात आतला. वितळलेले प्लास्टिक आत येण्याची वाट, पाणी फिरवून साचा थंड ठेवण्याचे मार्ग, हवा निसटायला जागा आणि तयार भाग ढकलून बाहेर काढणाऱ्या पिना, हे सारे त्यात बसवावे लागते. प्लास्टिक थंड होताना आकसते. एबीएस हजारात साधारण चार ते सात भाग, पॉलिप्रॉपिलीन शंभरात एक ते अडीच भाग. म्हणून साचा वस्तूपेक्षा तेवढा मोठा कोरतात. पण हे आकसणे भिंतीच्या जाडीनुसार, दाबानुसार आणि थंड होण्याच्या वेगानुसार बदलते. त्यामुळे पहिल्या ट्रायलला निघालेला भाग जसाच्या तसा पास होणे दुर्मीळ. झाकण बसत नाही, कडेला पातळ पापुद्रा सुटतो, कोपरा वाकतो. साचा पुन्हा टूलरूममध्ये जातो, आणि शोधकाने छापून ठेवलेली विक्रीची तारीख पुढे सरकते.

या दुरुस्तीत दोन्ही दिशा सारख्या नसतात. साच्यातले पोलाद कापून काढणे सोपे, पुन्हा भरणे अवघड. पोलाद काढले की वस्तूवरचे प्लास्टिक तेवढे वाढते. उलट वस्तूचा एखादा भाग बारीक करायचा असेल, तर साच्यावर वेल्डिंगने धातू चढवून तो पुन्हा घासावा लागतो आणि खूण उमटण्याची भीती राहते. म्हणून जाणता कारागीर शंकेच्या जागी पोलाद मुद्दाम जास्त ठेवतो आणि ट्रायलनंतर हळूहळू काढतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्थांत ही विद्या वर्षानुवर्षे शिकवली जाते. नवशिक्याला ती दरपत्रकात दिसत नाही. दोन दरपत्रकांतले स्वस्त निवडले आणि त्यात ट्रायलनंतरच्या दुरुस्त्या धरलेल्या नसल्या, तर स्वस्त साचाच शेवटी महाग पडतो.

साच्याचा खर्च नगांवर वाटला जातो, म्हणून खपाचा अंदाज हाच किमतीचा पाया ठरतो. समजा, चार भागांच्या एखाद्या वस्तूला मिळून ८ लाखांचे साचे लागले. १,००० नग खपले, तर प्रत्येकावर साच्याचे ८०० रुपये बसतात. २०,००० खपले, तर ४०. वस्तू तीच, काम तेच. सिलिकॉनच्या साच्यात वीस-पंचवीस नग ओतून किंवा ॲल्युमिनियमचा हलका साचा करून आधी बाजार चाचपण्याचा मार्ग आहे. त्यात प्रत्येक नग महाग पडतो, पण चूक स्वस्तात कळते. पहिल्या उत्साहात पोलादी साच्याची आगाऊ रक्कम भरून टाकणाऱ्याला ही संधी उरत नाही.

सुट्या भागांचे पुरवठादार किमान संख्येखाली माल देत नाहीत. खास रंगाचे प्लास्टिक, छापील खोका, नेमक्या लांबीची वायर, प्रत्येकाची किमान ऑर्डर वेगळी. पाचशे नगांसाठी पाच हजार खोके घ्यावे लागतात आणि ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. जोडणीतली तूटही शोधकाला कमी वाटते. जोडणीच्या दहा पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले ९८ नग नीट उतरत असतील, तर ते चांगले काम वाटेल. पण दहा पायऱ्या पार करून निर्दोष राहणारे नग शंभरात सुमारे ८२ असतात. उरलेले अठरा उघडायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे किंवा फेकायचे. त्यांचा पैसा उरलेल्या ब्याऐंशींनीच भरून काढावा लागतो.

हे सगळे खर्च एकदम अंगावर आले, की काय होते त्याचे उदाहरण अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या कूलेस्ट कूलरचे आहे. सहलीला न्यायची ही बर्फपेटी. तिच्या झाकणात बॅटरीवर चालणारा मिक्सर, शिवाय ब्लूटूथ स्पीकर, दिवा आणि फोन चार्ज करायची सोय. रायन ग्रेपर यांनी २०१४ मध्ये, लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून देणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर ५०,००० डॉलर मागितले. ६२,००० हून अधिक लोकांनी मिळून सुमारे १.३३ कोटी डॉलर भरले. बहुतेकांनी एका पेटीमागे १६५ किंवा १८५ डॉलर दिले होते. पेट्या २०१५ च्या फेब्रुवारीपासून पोचायच्या होत्या. इथे किंमत आधी ठरली आणि बनवायला किती लागेल ते नंतर कळले. एवढ्या वस्तू एका पेटीत बसवायच्या म्हणजे प्रत्येक भागाचा वेगळा पुरवठादार आणि प्रत्येकाची वेगळी अडचण. मिक्सरची मोटर बनवणाऱ्या चिनी कारखान्यात संप झाला आणि पुरवठा अडकला. पैसा कमी पडला तेव्हा कंपनीने पेट्या ॲमेझॉनवर जवळजवळ ५०० डॉलरना विकायला काढल्या, म्हणजे आधी पैसे भरलेले लोक वाट पाहत असताना त्याच पेट्या इतरांना मिळू लागल्या. पुढे पेटी लवकर हवी असलेल्यांकडून आणखी ९७ डॉलर मागण्यात आले. राज्याच्या न्याय विभागाकडे तक्रारी गेल्या, २०१७ मध्ये तडजोड झाली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद पडली. तेव्हा सुमारे २०,००० लोकांना पेटी मिळालेलीच नव्हती.

या प्रकरणाकडे फसवणूक म्हणून पाहणे सोपे आहे, पण त्याने धडा निसटतो. ५०,००० डॉलरच जमले असते, तर काहीशे पेट्या करून हिशेब कळला असता. मागणी अफाट आली म्हणून नगाला होणारा तोटा हजारोंनी गुणला गेला. किंमत चुकली असेल, तर जास्त खप हे संकटच असते.

प्रमाणपत्रांचा खर्च वेगळ्या जातीचा. तो वस्तू चांगली आहे की वाईट यावर अवलंबून नसतो. ती कोणत्या वर्गात मोडते यावर असतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. लाकडी खेळणे घरच्या कारखान्यात कितीही निगुतीने केलेले असो, रंगातल्या जड धातूंपासून सुट्या तुकड्यांपर्यंतच्या चाचण्या त्याला सहसा चुकत नाहीत. चार्जर, बॅटरी अशा अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना सक्तीची नोंदणी आहे. ब्लूटूथ किंवा वायफाय असेल, तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची, तर तिने संयुक्त राष्ट्रसंघाच्या यूएन ३८.३ या संहितेतल्या चाचण्या पार केलेल्या हव्यात. त्यात कमी हवेचा दाब, उष्णता, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्टसर्किट असे प्रकार असतात. खरा छुपा खर्च इथून पुढे सुरू होतो. प्रमाणपत्र विशिष्ट घटकांनी बनलेल्या विशिष्ट नगाला असते. एखाद्या पुरवठादाराने भाग बंद केला आणि त्याच्या जागी दुसरा घालावा लागला, तर चाचणीच्या काही पायऱ्या पुन्हा चढाव्या लागू शकतात. दर चाचणीत काही नग नष्ट होतात, प्रयोगशाळेच्या रांगेत आठवडे जातात, आणि त्या काळात कारखान्याचे भाडे चालूच राहते.

पेटंटबद्दल शोधकाच्या मनात सर्वांत मोठी आशा असते आणि सर्वांत मोठा गैरसमजही. भारतात एकट्या व्यक्तीने किंवा स्टार्टअपने ऑनलाइन अर्ज केला, तर सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. हा आकडा पाहून पेटंट स्वस्त वाटते. मसुदा लिहिणाऱ्या जाणकाराचे मानधन, परीक्षकाच्या हरकतींना उत्तरे आणि तिसऱ्या वर्षापासून दरसाल भरायचे, वयाबरोबर वाढत जाणारे नूतनीकरण शुल्क हे पुढे येते. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. आणि हे संरक्षण फक्त भारतापुरते. इतर देशांत हवे असेल, तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत त्या देशात किंवा आंतरराष्ट्रीय करारातून अर्ज करावा लागतो. कराराच्या मार्गाने गेल्यास प्रत्यक्ष देशोदेशी दाखल होण्याची वेळ ३० किंवा ३१ महिन्यांनी येते. त्या टप्प्यावर प्रत्येक देशाचे शुल्क, तिथला वकील आणि तिथल्या भाषेतले भाषांतर यांचे पैसे एकदम लागतात. नेमकी तेव्हाच वस्तू बाजारात पाय रोवत असते आणि पैसा साच्यात आणि मालात अडकलेला असतो. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी आपल्या घनाकार कोड्याचे पेटंट १९७५ मध्ये मायदेशात मागितले. परदेशी अर्जाची वर्षभराची मुदत निघून गेली, आणि १९८० नंतर जगभर खपलेल्या त्या खेळण्याला हंगेरीबाहेर पेटंटचे कवच राहिले नाही.

कवच असले तरी ते वापरायला पैसा लागतो. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट कर्न्स यांनी मोटारीच्या काचेवर थांबून थांबून फिरणाऱ्या वायपरसाठी १९६४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. मोटार कंपन्यांनी असे वायपर बसवले, कर्न्स यांना वगळून. १९७८ मध्ये त्यांनी फोर्डवर दावा लावला. १९९० मध्ये १.०२ कोटी डॉलरवर तो मिटला. क्रायस्लरकडून पुढे व्याजासह सुमारे ३ कोटी डॉलर आले. बारा वर्षे पहिल्याच दाव्यात गेली. त्यांचा संसार मोडला, आणि उरलेले अनेक दावे न्यायालयाने मुदती हुकल्यामुळे काढून टाकले, कारण वकिलांशी पटेना म्हणून ते खटले स्वतःच चालवत होते. जिंकलेल्या रकमेच्या शेजारी ही किंमत मांडल्याखेरीज त्यांची गोष्ट पुरी होत नाही.

ट्रंकीची हार त्याहून बोधक आहे, कारण तिचे मूळ एका चित्रात होते. लहान मुलांनी वर बसून ओढत न्यायची ही चाकांची बॅग इंग्लंडच्या रॉब लॉ यांनी २००६ मध्ये बाजारात आणली. आकाराची नोंदणी त्यांनी आधीच, २००३ मध्ये, युरोपीय पातळीवर केली होती. स्वस्त नक्कल आली तेव्हा त्यांच्या कंपनीने दावा केला, पहिल्या न्यायालयात जिंकला, अपिलात हरला, आणि २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो नाकारला. नोंदणीसाठी दिलेली चित्रे संगणकावर काढलेली, करड्या छटांतली होती. चाके आणि पट्टा वेगळ्या छटेत दिसत होते, अंगावर नक्षी नव्हती. न्यायालयाने म्हटले, की नोंदवले ते हे सगळे धरून झालेले एकूण रूप. नुसता आकार नव्हे. नक्कल करणाऱ्या बॅगेवर पट्टे आणि ठिपके होते, म्हणून तिचे रूप वेगळे ठरले. साध्या रेघांचे चित्र दिले असते, तर संरक्षणाचा आवाका बहुधा मोठा राहिला असता. नोंदणीच्या वेळी दिलेल्या चित्रांची किंमत तेरा वर्षांनी अशी मोजावी लागली.

कायदा, साचा, चाचणी यांचे बिल तरी हातात येते. काळाचे बिल कोणी पाठवत नाही. चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या पद्धतीने फोटोकॉपीची पहिली प्रत उमटवली. ते स्वतः पेटंटच्या व्यवसायातले होते, त्यामुळे कागदपत्रांत चूक नव्हती. तरीही वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधनसंस्थेने हात दिला, १९४७ मध्ये रॉचेस्टरची हॅलॉइड ही छायाचित्रणाचा कागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली, आणि तिचे झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात यायला १९५९ उजाडले. पहिल्या प्रतीपासून एकवीस वर्षे. १९४७ ते १९६० या काळात हॅलॉइडने या संशोधनावर सुमारे साडेसात कोटी डॉलर घातले. नेहमीच्या धंद्यातून तिला तेवढ्याच काळात मिळालेल्या कमाईच्या हे जवळजवळ दुप्पट होते. फरकाची रक्कम कर्जातून आणि शेअर विकून उभी राहिली. यंत्र तयार झाल्यावरही एक खर्च उरलाच. जवळजवळ तीनशे किलोचे हे धूड एवढे महाग होते, की कार्यालये ते विकत घेणार नाहीत हे कंपनीला कळत होते. म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले, त्यात २,००० प्रती धरून. गिऱ्हाइकाची अडचण सुटली, पण प्रत्येक यंत्र बनवण्याचा पैसा कंपनीने आधी घालायचा आणि तो महिन्यामहिन्याने परत मिळवायचा असा भार तिच्यावर आला. आत कागद तापून पेट घेण्याचा धोका होता, म्हणून यंत्रासोबत लहान अग्निशामक देण्याचीही वेळ आली. शोध यशस्वी ठरलेल्या प्रकरणात हा हिशेब आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

एकट्या शोधकाला हाच प्रश्न लहान आकड्यांत पडतो. खोक्यावर छापलेली १,००० रुपये किंमत त्याच्या हातात येत नाही. १८ टक्के जीएसटी त्यातच आहे. तो काढला की सुमारे ८४७ उरतात. दुकानदाराचा वाटा त्यातून २५ टक्के आणि वितरकाचा पुढच्या रकमेवर ८ टक्के धरला, तर निर्मात्याकडे ५८५ च्या आसपास येतात. त्यात नग बनवायचा, खोक्यात घालायचा, पाठवायचा, जाहिरात करायची, बिघडलेला बदलून द्यायचा आणि साच्याचे पैसे वसूल करायचे. म्हणून धंद्यात मुरलेली माणसे वस्तू बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर ठेवा असे सांगतात. नमुना सातशे रुपयांत झाला म्हणून हजाराला विकायला निघालेला शोधक पहिल्या नगापासून तोट्यात असतो.

आणि हे ५८५ रुपयेही लगेच येत नाहीत. साचेवाला आगाऊ मागतो, कच्च्या मालाचा व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला रोख मागतो, कामगाराला पगार महिन्याला लागतो. दुकाने मात्र दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर घेतात. बिल फाडले की त्यावरचा जीएसटी पुढच्याच महिन्यात सरकारजमा करावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. पण एका मोठ्या साखळी-दुकानाच्या मर्जीवर उभा असलेला छोटा निर्माता त्याचा आधार घेऊन भांडायला क्वचितच जातो. म्हणून खप वाढला की रोकड आटते. ऑर्डर दुप्पट झाली, तर दुप्पट मालाचे पैसे आधी लागतात. खपत्या वस्तूचे धंदे बुडतात ते बरेचदा इथेच.

घरपोच विक्रीने वितरकाचा वाटा वाचतो, पण कुरियरचा वाढतो. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा खोका, घन सेंटिमीटरना ५,००० ने भागायच्या रूढ हिशेबाने, ७.२ किलोचा धरला जातो. आत दीड किलोची वस्तू असली तरी. खोका पाच सेंटिमीटरने बुटका करणे ही डिझाइनची बाब आहे, हे नमुना करताना कोणाच्या डोक्यात नसते. परत आलेल्या पार्सलचे भाडे दोन्ही बाजूंनी निर्मात्याकडेच येते. खोक्यावर निर्मात्याचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क हे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापावे लागते. त्यातले काही बदलले, की छापून ठेवलेले खोके वाया.

नवी वस्तू म्हणजे गिऱ्हाइकाने अजून न मागितलेली वस्तू. तिची गरज पटवून देण्याचा खर्च सर्वांत कमी धरला जातो, आणि महाराष्ट्राला त्याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या धंद्यापासून सुरुवात करून कडबा कापण्याचे यंत्र आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला. लोखंडी नांगर जगाला नवा नव्हता, पण इथल्या शेतकऱ्याला होता. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती लोकांच्या मनात होती. पहिले मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांचा खर्च नांगराच्या किमतीत कुठेच दिसत नाही. लोखंड, भट्टी, माणसे, व्याज चालू आणि माल पडून. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये माळरानाची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळी कोणत्याही सावकाराने हिशेब करून हे कर्ज दिले नसते. कारखान्याचा माल लोकांना समजावून सांगण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, शं. वा. किर्लोस्करांनी त्याचे पुढे नावाजलेले मासिक केले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले हे मोठे पान उघडले गेले ते यंत्रांची ओळख पटवून देण्याच्या निकडीतून.

गरज खरी असूनही खपाची संख्या गाठता आली नाही, तर काय होते ते बेंगळुरूच्या सिम्प्युटरने दाखवले. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसाला, निरक्षरालाही वापरता येईल असा हातात मावणारा स्वस्त संगणक आखला. २००१ मध्ये त्याची जगभर वाहवा झाली. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीला आला तो २००४ मध्ये, सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे. खप काही हजारांतच अडकला. स्वस्त सुटे भाग मोठ्या ऑर्डरला मिळतात, मोठी ऑर्डर स्वस्त वस्तूला मिळते, आणि या फेऱ्यात शिरायला जो पहिला पैसा लागतो तो उभा राहिला नाही. मधल्या तीन वर्षांत मोबाइल फोन स्वस्त होत गेले. कल्पनेत खोट नव्हती.

या वाटेवर शोधकाची आशा हाच काहींचा धंदा असतो. कल्पना सांगा, पेटंट आणि बाजारपेठ आम्ही मिळवून देऊ, असे सांगून हजारो डॉलर घेणाऱ्या कंपन्या अमेरिकेत इतक्या वाढल्या, की १९९९ च्या कायद्याने त्यांना आपल्या किती गिऱ्हाइकांना घातल्यापेक्षा जास्त पैसे मिळाले ते लेखी सांगणे भाग पाडले. मायामीच्या वर्ल्ड पेटंट मार्केटिंगवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये कारवाई केली आणि पुढच्या वर्षी तिला या धंद्यातून बाद केले. गिऱ्हाइकाला मिळालेल्या नफ्याचा हा प्रश्न कोणत्याही देशात, पैसे देण्याआधी विचारण्यासारखा आहे. शोधकाने स्वतःच्या कामाचे पैसे कधीच न लावणे, हीदेखील अशीच गळती. संध्याकाळी, सुट्टीत, नोकरी सोडून घातलेली वर्षे हिशेबात धरली, तर फायद्यात दिसणाऱ्या अनेक वस्तू तोट्यात निघतात. आणि त्यातली बरीच वर्षे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पगारावर निघालेली असतात. थांबण्याचा निर्णयही मोलाचा असतो. जेम्स डायसन यांनी विजेची मोटार बनवण्यावर स्वतःचे ५० कोटी पौंड घातले, गाडी चालू लागली, आणि ती किफायतशीर किमतीत विकता येणार नाही हे दिसताच २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्प बंद केला. तेवढा पैसा नसलेल्याला हा निर्णय फार आधी घ्यावा लागतो.

विक्री झाली तरी खर्च संपत नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या एका बिघाडासाठी हमीची मुदत वाढवली, तेव्हा १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. अशी रक्कम बाजूला काढण्याची ताकद छोट्या निर्मात्याकडे नसते, म्हणून शंभरातले किती नग परत येतील याचा अंदाज पहिल्याच किमतीत घालावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी निर्मात्यावर टाकली आहे. त्यासाठी विमा लागतो. वस्तू बंद केली, तरी शेवटच्या नगाची हमी संपेपर्यंत सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस ठेवावा लागतो, साचे तेल लावून जपावे लागतात. विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत २०२२ च्या ई-कचरा नियमांनी निर्मात्यावर पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट त्या वर्षीच्या विक्रीवर नव्हे, तर वस्तूचे सरासरी आयुष्य जितके, तितक्या वर्षांपूर्वी विकलेल्या मालावर मोजले जाते. पाच वर्षे टिकणाऱ्या वस्तूचे हे बिल तिच्या विक्रीनंतर पाच वर्षांनी येते.